पिशवीनं धरलेली जागा

एसटीची गाडी स्टँडवर लागली की आमच्याकडे माणूस आधी दाराकडे जात नाही, खिडकीकडे जातो. रुमाल, टोपी, पिशवी, हातात असेल ते खिडकीतून सीटवर टाकायचं आणि मग दाराशी झोंबायचं. टाकलेल्या वस्तूच्या जागेवर दुसरा कुणी बसत नाही. भांडतो, पण बसत नाही.

मानवतच्या स्टँडवर त्या दिवशी मीही तेच केलं. माझा इंग्रजीचा पेपर होता, परभणीला, दुपारी.

मी अंगणवाडी सेविका आहे. वरच्या जागेसाठी पदवी लागते, म्हणून पोरं कॉलेजात गेल्यावर मीही बाहेरून बी.ए.ला बसले. बाकी सगळे विषय सुटले. इंग्रजी दोनदा राहिलं. आता वयाची अट जवळ आली होती. या खेपेला सुटलं तर अर्ज करता येणार होता, नाही तर तो रस्ता कायमचा बंद.

गर्दीत शिरताना मी चष्मा काढून पिशवीत ठेवते. एकदा कुणाचं तरी कोपर लागून काच फुटली होती, तेव्हापासूनची सवय. त्या दिवशीही ठेवला. पाटीवर ‘परभणी’ एवढं दिसलं आणि पिशवी आत टाकली. दाराशी पोचेपर्यंत कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली. मी ओरडले, पण तिथं सगळेच ओरडत असतात. गाडी वळली तेव्हा कळलं. पाटीवर दोन्ही गावं होती, परभणी आणि पाथरी. गाडी परभणीहून आली होती आणि पाथरीला निघाली होती.

पिशवीत हॉल तिकीट, पैसे, मोबाइल, चिवडा आणि चष्मा. चष्म्याशिवाय मला लांबचं धड दिसत नाही आणि जवळचं तर मुळीच नाही.

पाथरीला जावं असं क्षणभर वाटलं. तो विचार तिथंच सोडला. पिशवी मिळेल याची खात्री नव्हती. पेपर बुडेल याची होती. मागून परभणीची गाडी आली, तीत चढले.

कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा सरळ सांगितलं, “पैसे पिशवीत आहेत आणि पिशवी पाथरीच्या गाडीत.”

“मग तुमी इकडं कशा काय?”

“पेपर इकडं आहे.”

शेजारी एक मुलगी उभी होती, पाठीला सॅक. ती हसली. “मावशीचं माझ्याकडून घ्या,” ती कंडक्टरला म्हणाली आणि तिनं स्वतःचा फोन काढला. “तुमचा नंबर सांगा, लावते. उचलंल कुणीतरी.”

नंबर लावून तिनं फोन माझ्या हातात दिला. पलीकडून उचलला.

“कोण बोलायलंय?” एका पोराचा आवाज.

“तुझ्याजवळ हिरवी पिशवी आहे ना, ती माझी आहे.”

“मावशी, कुठं हाव तुमी? सीट धरून ठेवलीय की मी. मला वाटलं मागं गर्दीत अडकल्यात.”

“मी परभणीच्या गाडीत आहे.”

“मग ही सीट?”

“बस तू तिथं.”

“आता बसतो. एक काका कवाचे भांडायलेत माझ्यासंगं. बाई यायलीय म्हणून बसू दिलं न्हाई त्यांना.”

मागून काकांचा आवाज आला, “आली का रं तुझी मावशी?”

मुलीनं फोन माझ्या हातातून घेतला. “कॉलेजला हाय का रे तू? मग ऐक. पाथरीच्या स्टँडवर डब्याची गाडी लागती, म्हाईत हाय ना? डबे ठेवतेत तिथंच पिशवी ठेव. ड्रायव्हरला म्हण, डब्यासंगं हाय.”

परभणीत खोली करून शिकणाऱ्या पोरांचं जेवण गावाकडून एसटीनं येतं. आई डबा फडक्यात बांधून स्टँडवर आणते, ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ठेवते, आणि इकडे पोरं उतरवून घेतात. पावती नाही, काही नाही. या मुलीच्या खोलीवर तिघींचे डबे त्या गाडीनं यायचे. “आज आणायचा नंबर माझाच हाय,” ती म्हणाली.

परभणीच्या स्टँडवर आम्ही दोघी थांबलो. डब्याच्या गाडीची वेळ झाली, टळली. बाहेर चष्मे विकणाऱ्याकडे तिनं मला नेलं. एक लावून पाहिला. माझ्या दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे. अक्षरं मोठी झाली आणि जोडीजोडीनं दिसायला लागली. परत ठेवला.

“तुमी जावा,” ती म्हणाली. “गाडी आली की मी आणते.”

“तुझे तास?”

“तास उद्या बी हायेत.”

तिला कॉलेजचं नाव सांगून मी गेले. बैठक क्रमांक पाठ होता, ऑफिसातून दुसरं हॉल तिकीट काढून मिळालं. प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा पांढऱ्या कागदावर राखाडी पट्टे दिसले. वर्गावरच्या मॅडम म्हणाल्या, “मला वाचून दाखवता येणार नाही हो, काकू.”

“वाचू नका. उजेडात बसू द्या.”

त्यांनी मान हलवली. मी बाक खिडकीकडे ओढायला लागले, तर मागच्या पोरानं न सांगता दुसरं टोक उचललं. बाक ठेवून तो परत लिहायला बसला. त्याचं तोंडही मी धड पाहिलं नाही.

हात लांब केला, डोळे बारीक केले आणि एकेक शब्द जुळवला. पत्राचा प्रश्न सापडला. तोच आधी घेतला. ओळी वर-खाली जात होत्या, जाऊ दिल्या. पत्र संपवून निबंधाला लागले. चष्मा येईल म्हणून थांबायचं नाही, आणि आला नाही तरी उठायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

निबंध अर्धा झाला तेव्हा शिपाई दारात उभा राहिला. “मानवतच्या मावशी कोण हो? चष्मा आलाय.”

वर्ग हसला. मॅडमनी चष्म्याचं घर उघडून पाहिलं आणि चष्मा मला दिला. तो लावून मी आधी पत्र वाचलं, चार चुका दुरुस्त केल्या आणि उताऱ्याकडे वळले. पेपर पूर्ण लिहिला.

बाहेर आले तर ती मुलगी फाटकाशेजारच्या ओट्यावर बसलेली. मांडीवर माझी पिशवी, बाजूला तीन डबे. गाडी वाटेत पंक्चर झाली होती म्हणाली.

“डबे नेऊन द्यायचे ना आधी.”

“शिपाई म्हणाला, पिशवी ठिवून गेलीस तर मी जबाबदार न्हाई. रूमवरच्या पोरी फोनवर नुसत्या ओरडायल्यात.” मग पिशवी माझ्याकडे देत, “मावशी, तुमचा चिवडा खाल्ला मी.”

“बरं केलंस.”

तिकिटाचे पैसे दिले, ते तिनं घेतले. नको-नको म्हणत बसली असती तर मला आवडलं नसतं. पाथरीच्या पोरानं पिशवी गाडीत ठेवल्यावर तिला फोन केला होता, म्हणून त्याचा नंबर मागून घेतला. मग ती डबे उचलून पळतच निघाली.

इंग्रजी काठावर सुटलं. काठावर सुटलेलंही चालतं. मी अर्ज भरला आणि मग त्या पोराला फोन लावला.

“मावशी, एक विचारू का? पाथरीच्या गाडीत पिशवी टाकलीच कशाला तुमी?”

“पाटी नीट वाचली नाही.”

“चष्मा न्हाई का तुमच्याकडं?”

“पिशवीत होता.”

तो हसत सुटला. “ते काका रोज भेटतेत गाडीत. अजून बोलत न्हाईत माझ्यासंगं.”

“त्यांना सांग,” मी म्हटलं, “मावशी पास झाली.”