पट्टी उजव्या गुडघ्याला होती

लिहायला उशीर झाला, माफ करा.

माझी मुलगी सुधा क्लबकडून व्हॉलीबॉल खेळते, त्यावरच तिचं पोट आहे. आज नव्या करारासाठी चाचणी होती. तिचा डावा गुडघा दुखतो, पण मैदानावर पाहिलं तर पट्टी उजव्याला. मला वाटलं, घाईत चुकली. मी प्रशिक्षकांना सांगितलं, "साहेब, हिचा डावा गुडघा दुखतो, जरा बघा."

"अच्छा हुआ चाचा, बोल दिए," म्हणत त्यांनी तिचं नाव खोडलं.

सुधा एवढंच म्हणाली, "बाबा, दुखरा पाय कळू नये म्हणून आम्ही असंच बांधतो." मग पिशवी उचलून काचीगुडा स्टेशनाकडे गेली. फोन बंद आहे.

तिच्या संघातल्या मुलींनो, ती तुमच्याकडे आली तर लवकर कळवा. बोलली नाही तरी चालेल, पोचली एवढंच सांगा.