आमच्या गल्लीत बीपीचा प्रॉब्लेम नाही, असं मी सांगितलं होतं

आमच्या गल्लीत बीपीचा प्रॉब्लेमच नाहीये, असं मी भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं.

आज सकाळी सुमनकाकू बीपीने गेल्या. मेंदूत रक्तस्राव.

सुमनकाकू म्हणजे माझ्या घरमालकीण. हिंजवडी गावठाणात त्यांची बिल्डिंग. खाली त्या, वर आम्ही आयटीवाल्या मुली.

जमीन गेली, कंपन्या आल्या. "आधी भात लावायचो, आता मजले लावतो," असं त्या स्वतःच म्हणायच्या.

मी राहायला आले त्या दिवशी माझं सॉरी-थँक्यू ऐकून त्यांनी मला विचारलं, "मराठीच हायेस ना? मग इंग्लिशमध्ये का लाजती?"

तेव्हापासून मी त्यांची "आमची पोरगी".

मी वीकेंडला एका हेल्थ ग्रुपबरोबर व्हॉलंटियर करते. आम्हाला गावठाणातल्या बायकांसाठी सेशन्स घ्यायची होती. ग्रुपच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आधी घरोघरी जाऊन बघा, त्यांना गरज कशाची आहे. मग टॉपिक ठरवू. आपल्या मनाने नाही."

मी लगेच हात वर केला. माझीच गल्ली होती ना!

टॅब घेऊन सगळ्यात आधी काकूंकडे.

"काकू, डॉक्टरांनी बीपीची गोळी दिलीये ना? रोज घेता?"

"घेते की."

"व्हेरी गुड! मीठ कमी केलं?"

"केलंय की."

"व्हेरी गुड काकू!"

त्या इतक्या खूश झाल्या की चहाबरोबर शंकरपाळ्यांचा डबाच पुढे आला.

मग त्या माझ्याबरोबर दारोदार फिरल्या. प्रत्येक दारात माझ्याआधी त्यांचा आवाज.

"अगं ए मंगल, बाहेर ये. आमच्या पोरीचा सर्वे हाय. नीट उत्तरं दे, तिला वर दाखवायचंय."

मंगलताई पदराला हात पुसत बाहेर.

गोळी? घेते. तपासणी? करते. मीठ? कमीच.

पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात तेच.

मला वाटलं, वॉव, किती अवेअर आहेत या सगळ्या!

आमच्या शाळेत इन्स्पेक्शन असलं की टीचर आदल्या दिवशी आमच्याकडून उत्तरं घोकून घ्यायच्या. आम्हीही मस्त म्हणून दाखवायचो. हे सगळं मला माहीत होतं. तरी कळलं नाही.

मीटिंगमध्ये मी रंगीत स्लाइड्स दाखवल्या. मॅडमनी एकदा थांबवलं.

"सगळ्याच जणी गोळी घेतात? नक्की? एकदा मशीन लावून बघूया का?"

"मॅडम, मी तिथे राहते. मी ओळखते ना त्यांना."

बीपीचं सेशन कॅन्सल झालं.

त्याऐवजी हेल्दी ब्रेकफास्ट. माझी आयडिया.

मी ओट्सचा उपमा केला. काकूंनी प्लेट नाकाजवळ नेली आणि म्हणाल्या, "हे खाल्ल्यावर नांगराला जुंपणार का आम्हाला?"

बायका हसून लोटपोट.

मग त्यांनीच दोनदा घेतला आणि बाकीच्यांना दटावलं, "पोरीनं केलंय, टाकायचं नाय."

त्याचे फोटो मी इथेच टाकले होते. तुम्ही सगळ्यांनी लाइकही केले होते.

आज दुपारी पुरुष मंडळी स्मशानात होती. मी घरात बायकांमध्ये बसले होते. रडत रडत काकूंच्या सुनेला म्हटलं, "वहिनी, पण त्या तर गोळी रोज घ्यायच्या ना?"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"कुठली गोळी? ती कधीच बंद केलेली. बरं वाटायला लागलं, मग कशाला, म्हणाल्या. मी मागं लागले की म्हणायच्या, एकदा लागली की जन्माची मागं लागती."

"मग मला का..."

"तुम्ही व्हेरी गुड म्हणायच्या ना. आईंना लई आवडायचं ते. कौतुकानं सांगायच्या सगळ्यांना."

वहिनींचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी प्रश्न विचारतच नव्हते. मी मार्क देत होते. आणि काकू माझ्यावरच्या मायेने पास होत होत्या.

थोड्या वेळाने मंगलताई माझ्याजवळ सरकल्या. हळूच म्हणाल्या, "मॅडम, गोळी सोडली की असंच होतं का हो? मीपण सोडलीये."

मागून एक जण म्हणाली, "मी तर तपासलंच नाय कधी."

भिंतीपाशी बसलेल्या एक आजी म्हणाल्या, त्या नवऱ्याच्याच गोळ्यांमधली अर्धी घेतात. डोकं दुखलं तर.

मी काहीच विचारलं नव्हतं. टॅब वर रूमवर होता.

बाहेर जाऊन डॉक्टर मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "उद्या मशीन घेऊन येते. तू फक्त दारं दाखव. बोलायचं मी बघते."

बरोबरच आहे त्यांचं.

आत आले, मंगलताईंना सांगितलं, उद्या डॉक्टर येतायत, सगळ्यांचं बीपी बघतील.

त्यांनी माझा हात धरला.

"मघाशी खरं सांगितलं... रागावल्या नाय ना तुम्ही?"

मला त्यांच्याकडे बघता आलं नाही.

काकू, तुमची माफी मागायची होती. आता नुसता निरोपच घेता येतोय.

येते.