आखूड बोल्ट

भिवंडीत कापडाच्या धंद्यात ‘आखूड’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. तागा सांगितला तेवढा भरला नाही की घेणारा ओरडतो, “माल आखूड आहे, मापात मारलंय.” मग खरंखोटं कुणी ऐकून घेत नाही. मी इथल्याच नारपोलीत आधी तागे पाठीवर वाहिले, नंतर स्वतःच्या टेम्पोतून वाहिले. या शब्दावरून किती जणांचे संबंध तुटले ते मी पाहिलं होतं. माझे आणि भावजींचे तुटतील असं मात्र वाटलं नव्हतं.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. खाडीकडच्या गावचा माणूस. नारपोलीच्या कडेला, पॉवरलूमच्या खडखडाटात, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. टेम्पो चालवायला त्यांनीच मला शिकवलं. दुपारी भाडं नसलं की मी तिकडे जायचो. ताईचा डबा आलेला असायचा. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. भावजी रॉकेलने हात धुवायचे, मग साबणाने, तरी भाकरीला वास यायचाच. ते मला ‘शेठ’ म्हणायचे, कारण मी कोथिंबिरीची जुडीही भांडल्याशिवाय घेत नाही.

“शेठ, आज कुनाचं रगात पिऊन आलास?”

“तुमचं प्यायचं राहिलंय अजून.”

“माझं तुझ्या बहिनीनं आधीच पिलंय.”

माझ्या रागाला न घाबरणारा माणूस मला तेवढा एकच माहीत होता.

एका उन्हाळ्यात टेम्पो पाणी खायला लागला. रोज रेडिएटर रिकामा आणि मागे पांढरा धूर. भावजींनी इंजिन खोललं. पिस्टन, रिंगा, लायनर सगळं नवीन आणलं. हेड बसवायची वेळ आली तेव्हा बोल्टांचा प्रश्न निघाला. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. लांब बोल्टांनी ते खाली आवळलेलं असतं आणि आतला सगळा दाब त्या बोल्टांवर येतो. भावजी म्हणाले, “जुनेच घालू, पुसून.” मी म्हटलं, सगळं नवीन आणि नेमके बोल्ट जुने कशाला? नमुन्याला एक जुना बोल्ट घेऊन मी पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने हात जोडेपर्यंत भाव पाडला आणि नवा सेट घेऊन आलो.

भावजींनी नवा आणि जुना बोल्ट काचेच्या तुकड्यावर शेजारी शेजारी उभे केले. नवा किंचित बुटका होता. दुसरा घेतला, तिसरा घेतला, तेच.

“मापात मारलंन तुला, शेठ!” भावजी एवढे हसले की शेजारच्या चहाच्या टपरीवरचे लूमवाले उठून बघायला आले. त्यातला एक म्हणाला, “क्या सेठ, बोल्ट भी कटपीस लाए?” मग सगळेच हसले. भावजी सगळ्यांत जास्त.

मी तसाच दुकानात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. मग सीलबंद डबा फोडून तसलाच बोल्ट माझ्या बोल्टाशेजारी ठेवला. दोन्ही सारखे. “नया छोटा नहीं है सेठ, पुराना खिंच गया है,” तो म्हणाला. जुना बोल्ट त्याने माझ्या हातात दिला. आट्यांच्या वर त्याची कंबर बारीक झाली होती, बोटाला कळत होतं. “नहीं जमता तो वापस दे दो.” आयुष्यभर मी दुकानदारांची तोंडं वाचत आलोय. फसवणारा माणूस माल परत घ्यायची भाषा आपणहून करत नाही.

मी गॅरेजवर परत आलो. “भावजी, नवे बरोबर आहेत. जुने ताणलेत. हात लावून बघा.”

“लोखंड हाय का रबर? इतकी वर्सं मी काय गवत उपटतोय?”

दुसरा कुणी असता तर मी त्याची कॉलर धरली असती. पण बहिणीच्या नवऱ्यापुढे आवाज चढवायचा नसतो. ताईच्या लग्नात कानपिळी मीच केली होती. त्यांच्या कानाला हात लावायचा हक्क मला तेवढा एकदाच मिळाला. मी बाजूला सरलो आणि त्यांनी जुने बोल्ट घातले. पाना फिरवताना शेवटी तो जड व्हावा लागतो. कडेचा एक बोल्ट मात्र मऊ मऊ फिरतच राहिला.

“बसतोय,” भावजी म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

पुढे थोड्याच दिवसांनी आम्ही सगळे त्याच टेम्पोतून अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर निघालो. मागे सतरंजी टाकून बायका बसल्या होत्या, पुढे मी आणि भावजी. वज्रेश्वरीच्या अलीकडे गाडीने दम सोडला. पांढरा धूर, उकळतं पाणी, हेड नीट न आवळल्याने खालचं गॅस्केट फाटलेलं. एसटीची वाट बघत सगळे रस्त्याकडेला उभे असताना भावजी ताईला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “याला सगळं स्वस्तात पायजे आन माल डबल भरायला पायजे. इंजिन काय करंल?”

माझे नवे बोल्ट तेव्हा सीटखाली तेलकट कागदात पडलेले होते.

टेम्पो ओढून मी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेला. त्याने ते नवे बोल्ट घातले आणि त्याच इंजिनाने पुढे कित्येक वर्षं माल वाहिला. माझा जॅक गॅरेजमध्ये राहिला होता, तो आणायला गेलो तेव्हा मी सांगितलं, “नवे घातले. चालतेय.”

“मग बरंच झालं की,” भावजी म्हणाले. मान वर केली नाही.

जॅक उचलून मी निघालो. सौदा जमत नसला की मी दुकानातून असाच उठतो, आणि हळू चालतो. दुकानदार हाक मारतोच. त्या दिवशी मी फार हळू चाललो. वळणापर्यंत गेलो. लूमचा आवाज तेवढा येत होता.

नंतर मी दोन गाड्यांचा मालक झालो, चांगल्या गॅरेजांत गेलो. तिथे खुर्ची देतात, चहा मागवतात. ‘शेठ’ तिथेही म्हणतात, पण ते खरोखरचं म्हणतात. दुपारी कुणाच्या डब्यातून सुक्या बोंबलाचा वास आला की मला त्यात रॉकेल हवं असतं.

ताई म्हणायची, “एवढ्याशा बोल्टाचं काय घेऊन बसलास? घरी ये ना, ते विचारतात.”

“काय विचारतात?”

“असंच, बरा आहे का म्हणून.”

“बोल्ट बरोबर होते, एवढं एकदा म्हणायला सांग.”

ताई दुसरंच काहीतरी बोलायला लागायची. तिला वाटायचं मी हट्टी आहे. असेन. पण मापात मला कुणी मारू शकत नाही हे सगळ्या भिवंडीला ठाऊक होतं. ज्या माणसाने ते मानायला हवं होतं, तोच टपरीवरच्या लोकांबरोबर हसला होता.

मग भाचीचं लग्न निघालं. मामा आल्याशिवाय मुलगी मांडवात जात नाही, म्हणून गेलो. तिला बोहल्यावर नेलं, आणि नंतर पंगतीला बसलो. भावजी स्वतः भात वाढत फिरत होते. केस पांढरे झाले होते. माझ्यासमोर येऊन थांबले.

“गाडी कशी हाय?”

“बरी आहे.”

हातातला भाताचा डाव तसाच धरून ते उभे राहिले. काहीतरी बोलतील असं त्यांचं तोंड झालं होतं. मागून कुणीतरी वरण मागितलं.

“भात वाढू अजून?” त्यांनी विचारलं.

“वाढा.”

त्यांनी वाढला आणि पुढे गेले. माझं पोट भरलं होतं. तरी ते परत यावेत म्हणून मी सगळा भात संपवला.