बुढी आणि वीज

वाफ जाऊन वीज येते तेव्हा एक युग संपतं, असं आमच्या गावच्या कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर नव्या मोटारीचं बटण दाबताना म्हणाले. त्या युगाबरोबर आमच्या शेजारच्या बॉयलरवाल्याची नोकरीही संपणार होती. जन्मभर इंजिनाच्या आवाजावर मात करत बोलल्यामुळे त्याने मयतीत केलेलं सांत्वनही दोन गल्ल्यांना ऐकू जाई. बॉयलरला तो ‘बुढी’ म्हणे आणि मॅनेजरांपेक्षा तिचा मान अधिक ठेवी.

हुकमाप्रमाणे त्याने सकाळीच बुढीचा विस्तव काढला आणि निंबाखाली जाऊन बसला. दुपारी जेवणाचा भोंगा झाला नाही. भोंग्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही, हा नियम मॅनेजरांचाच. बाया कापूस निवडत राहिल्या, पलीकडची आमची शाळा सुटेना, आणि शेवटी मॅनेजरच भुकेने बाहेर आले.

“भोंगा का दिला नाही?”

“वाफ कुठी हाय, साहेब?” तो बसल्या जागेवरून गरजला. “इजेले फुकता येत नाही.”

जिनिंग आता विजेवर चालतं. आमचा शेजारी अजून कामावर आहे. भोंग्यापुरती वाफ काढायलाही बॉयलर पूर्णच तापवावा लागतो.