आतोबांच्या पायाखालची फळी

ब्रेकवर काडीचा विश्वास नसलेला ब्रेकवाला जगात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. लढाईच्या दिवसांत लॉरीच्या ब्रेकचे पट्टे मिळायचे ते उंब्रजला, आतोबांच्या दुकानात. पण ते सुखासुखी देतील तर शपथ! आधी गिऱ्हाइकाचा जुना पट्टा नाकाशी धरून हुंगायचे. जळका वास आला, की विचारायचे, "घाटात इंजिन बंद करतूस न्हवं?" पेट्रोल रेशनवर, त्यामुळे उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची खोड आम्हा सगळ्या लॉरीवाल्यांनाच. इंजिन बंद झालं की ब्रेकचा जोर जातो, हे ते इतक्यांदा सांगायचे, की ऐकूनच माणूस दमायचा. मग नव्या पट्ट्यावर हात ठेवून इंजिन बंद न करण्याची शपथ. फलटणच्या एका ड्रायव्हरनं शपथ घेताना जांभई दिली, तर त्याला ती पुन्हा घ्यायला लावली.

बरं, शपथेवरही विश्वास नाही. पहिल्या फेरीला शेजारी बसून स्वतः खंबाटकीचा घाट उतरायचे, सगळी वाट उजवा पाय समोरच्या फळीवर दाबून. बैलगाडीत तेच, न्हाव्यापुढे बसले तरी तेच. आत्या वैतागायची, "आवं, पाय सोडा की! घर कुटं पळून चाललंय व्हय?"

माझ्या गाडीला पट्टे बसवले तेव्हा मी दोन दिवस सांगलीचा गूळ ओढत होतो. डोळे चुरचुरत होते, शेजारी आतोबांची टकळी चालू. घाटमाथा आला आणि शपथ घेतलेल्याच हातानं मी सवयीनं स्विच बंद केला. दोन वळणं निभावली. तिसऱ्याला ब्रेक दाबला, तर तो दगडासारखा कडक. गाडी आवरेना.

आतोबांनी हात घालून स्विच चालू केला. "गिअर टाक," एवढंच म्हणाले. इंजिन लागलं, गाडी कठड्याला चाटून थांबली.

आता शिव्यांचा भडिमार होणार म्हणून मी मान खाली घातली. ते मात्र खाली उतरून दगडावर बसले. उजवा पाय अजून मातीत दाबलेलाच होता.

"माझा थोरला भाऊ असाच गेला रं," म्हणाले. "स्विच मीच बंद केला हुता."

त्यानंतर तीन वर्षं ते माझ्या दर फेरीला घाटापुरते आले. मी कंटाळायचो, तोंडावर बोलायचोही. आज त्याची लाज वाटते.

आतोबा गेले. गाडीच्या कुजलेल्या फळ्या मी बदलल्या, त्यांच्या पायानं खोलगट झालेली तेवढी राहू दिली. डोळे आताही चुरचुरतात, पेट्रोल आताही पुरत नाही. घाट आला की इंजिन चालू ठेवतो, आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत नाही.