तालमीतल्या फोटोवरचे कुंकू

बहुतेक केसेस आठवायला मला जुने कागद लागतात. ही एक केस अशी आहे, की कुठल्याही तालमीत फोटोला कुंकू लावलेले दिसले तरी ती पहिल्यापासून आठवते आणि माझे बोट आपोआप अंगठ्यावर घासले जाते.

मी तेव्हा निपाणीला इन्स्पेक्टर होतो. आमच्या भागात पोलिसाची जीभ मराठी आणि लेखणी कानडी. माणूस मराठीत सांगतो, रायटर कानडीत उतरवतो आणि सही घेण्याआधी पुन्हा मराठीत वाचून दाखवतो. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांना याचा वैताग येई. मला त्याचा फायदाच झाला. आपलेच बोलणे दुसऱ्यांदा ऐकताना माणूस बरेचदा गडबडतो.

एके दिवशी सकाळची हजेरी चालू असताना गावातल्या एका जुन्या तालमीचे कारभारी पाचसहा पैलवान घेऊन ठाण्यात आले. त्यांच्या तालमीत घडलेला एक जण बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत कामाला होता. त्याने फोनवर खबर दिली होती, की कॅम्पातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांच्या थोरल्या पैलवानाचा सहीचा फोटो विकायला ठेवला आहे आणि दुकानदार तो अस्सल असल्याचे सांगतो.

थोरले पैलवान जाऊन बरीच वर्षे झाली होती. सीमेच्या दोन्ही अंगांची मैदाने गाजवलेला हा माणूस कधी शाळेत गेला नव्हता. आयुष्यात एकाच फोटोवर त्यांनी सही केली आणि तो फोटो तालमीला दिला, असे सगळे सांगत.

"म्हणजे तुमचा फोटो चोरीला गेलाय?" मी विचारले.

"न्हाय सायेब. आमचा हाय की भितीवर," कारभारी म्हणाले. "पर त्यो हितं बी हाय आन् तिथं बी हाय. एक तर खोटा असणारच."

हेड कॉन्स्टेबलने कॅम्पात जाऊन पंचनामा करून दुकानातला फोटो आणला. तालमीचाही मागवला. दोन्ही माझ्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. तोच लांग कसलेला पैलवान, तीच खाली वाकडीतिकडी सही. फरक एकच होता. तालमीच्या फोटोत कपाळावर कुंकवाचा जाड टिळा होता, दुकानातल्या फोटोत कपाळ कोरे.

कारभाऱ्यांनी मांडी थोपटली. त्यांच्या फोटोला पूर्वीपासून काच नाही. दर नागपंचमीला आखाडा पुजला, की प्रत्येक पैलवान थेट फोटोच्या कपाळाला कुंकू लावतो. "कुक्कू हाय त्यो आमचा. आमचाच खरा!" ते म्हणाले, आणि आलेली मंडळी उठायला लागली.

मलाही ते पटले होते. फोटो परत देण्यासाठी उचलला तेव्हा बोट कपाळावर पडले. इतक्या वर्षांचे कुंकू हाताला खरबरीत लागायला हवे. ते काचेसारखे गुळगुळीत लागले. मी बोट घासून पाहिले. बोट कोरेच राहिले. कुंकवाचा तो टिळा कागदावर छापलेला होता.

खात्री करायला एका तंबाखू व्यापाऱ्याकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणवला. आताचा कागद त्याखाली निळसर पांढरा चमकतो, जुन्या काळचा फोटोचा कागद चमकत नाही. ठाण्याच्या भिंतीवर पूर्वीच्या साहेबलोकांचा एक जुना फोटो होता, तो आधी धरला. साहेब काळोखातच राहिले. मग टेबलावरचे दोन्ही धरले. दोन्ही लख्ख चमकले. सही तिरप्या उजेडात पाहिली, तर शाई कुठे वर आलेली नाही, मागच्या बाजूला निबाचा दाब नाही. दोन्ही नकला होत्या.

सगळे एकदम तालमीचा फोटो घेऊन आलेल्या आप्पांकडे वळले.

आप्पा म्हणजे तालमीचे राखणदार आणि थोरल्या पैलवानांचे पट्टशिष्य. पाय मोडल्यावर कुस्ती सुटली, लग्न झाले नाही. तालमीच्याच खोलीत राहायचे, तिथेच दोन भाकऱ्या थापायचे. किल्ली एकट्या त्यांच्याकडे असे.

"आप्पा, गुरूला इकलासा व्हय?" कारभारी ओरडले. "आजच्या आज वळकटी उचला तालमीतनं!"

आप्पांनी मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

चौकशीत मी हात उगारण्याच्या विरुद्ध होतो. मारून कबुली मिळते, खरे मिळत नाही. आप्पांना चहा दिला, आखाड्याच्या मातीत ताक किती घालतात ते विचारले. त्यावर ते भरभरून बोलले. फोटोचे नाव काढताच ओठ मिटले. चोरी केलेला माणूस सहसा काहीतरी सांगतोच, निदान दुसऱ्यावर ढकलतो. हा माणूस कुणाला तरी पाठीशी घालत होता.

मग दुसरे टोक धरले. कॅम्पातल्या दुकानदाराने फोटो कुणाकडून घेतला ते सांगितले. तो निपाणीतलाच एक फोटो स्टुडिओवाला निघाला. पहिल्यांदा त्याने बऱ्याच थापा मारल्या. आजोबांच्या पेटीत फोटो सापडला म्हणाला. जबाब मराठीत वाचून दाखवला तेव्हा आजोबा कुठले, पेटी कुठली, याचा त्यालाच मेळ लागेना.

"आप्पांनी एकच कापी काडाय सांगितलंती सायेब," तो शेवटी म्हणाला. "मी दोन काडल्या. दुसरीतलं कुक्कू कंप्युटरवर पुसलं. कोरा फोटो लवकर खपतोय. पर खरा फोटो आप्पांनी त्याच दिवशी माघारी नेला, शपथ!"

फसवणुकीचा गुन्हा तिथे उलगडला. खऱ्या फोटोचा पत्ता मात्र आप्पांपाशीच होता. मी त्यांना हे सांगितले, तेव्हा त्या धिप्पाड म्हाताऱ्याने माझे हात धरले.

"मला आत टाका सायेब. पर तिच्याकडं जाऊ नगासा. तिच्याकडनं त्यो काडून घेऊ नगासा."

ती म्हणजे थोरल्या पैलवानांची बायको. कडोलीच्या बाजूला एका खेड्यात भावाच्या घरी राहत होती.

मी साध्या कपड्यांत गेलो, आप्पांना बरोबर घेऊन. कारभारीही हट्टाने जीपमध्ये बसले. म्हातारी सोप्यात बसली होती. काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली. आप्पांच्या लंगड्या पावलाचा आवाज तिने ओळखला.

"आलास रं? संगं कोण हाय?"

मी कोण ते सांगितले. ती घाबरली नाही. पदराखाली उराशी धरलेला फोटो तिने काढून माझ्या हातात दिला. कपाळावर बोट टेकवताच खरबरीत लागले आणि बोट लाल झाले. सही कागदात इतकी रुतली होती, की मागून हाताला लागत होती.

"सही मी शिकिवली त्यास्नी," ती म्हणाली. "चुलीम्होरं, राखंत बोटानं. हात लई जड. टाक मोडला, कागद फाटलं. ह्या फोटूवर पयली धड सही झाली, तवा पोरावानी हसलं."

डोळे गेल्यावर तिने तो फोटो एकदा हातात मिळावा म्हणून तालमीत निरोप धाडला होता. कारभाऱ्यांनी नकार दिला होता. तालमीची वस्तू तालमीबाहेर जाणार नाही, असे उत्तर गेले. म्हणून गेली नागपंचमी झाल्यावर आप्पांनी नक्कल काढून तिला नेऊन दिली. तिने सहीवरून बोट फिरवले आणि नक्कल परत केली. "ह्यात त्यांचा हात न्हाय," एवढेच म्हणाली. तेव्हा आप्पांनी खरा फोटो तिला दिला आणि नक्कल भिंतीवर टांगली.

"न्ह्या तुमी," ती म्हणाली. "तुमचाच हाय त्यो. माझं कुक्कू त्यांच्यासंगं पुसलं. तुमच्या पोरांनी त्यांच्या कपाळावर लावल्यालं ऱ्हायलंय. म्हणून हात लावत बसती."

कारभारी उठून अंगणात गेले. आत आले ते आप्पांना म्हणाले, "वळकटी तालमीतच ऱ्हाऊ दे."

तुलनेसाठी खरा फोटो लागणार होता. त्याचा पंचनामा तिच्या सोप्यातच केला आणि कोर्टाच्या परवानगीने तो तिच्याच ताब्यात ठेवला. तालमीने त्यावर कधी हक्क सांगितला नाही. स्टुडिओवाल्यावर रीतसर खटला चालला.

खरा फोटो कोणता, हे बोटाने आणि दिव्याने पटकन कळले. तो कुणाचा, हे मला कुठल्या कलमात सापडले नाही. पण त्यानंतर वस्तू गेल्याची तक्रार घेऊन कुणी आले, की एक प्रश्न मी आवर्जून विचारू लागलो: ती याआधी तुमच्याकडे कुणी मागितली होती का, आणि तुम्ही काय उत्तर दिलेत? या प्रश्नाने पुढे मला बऱ्याच घरांची दारे उघडून दिली.

पुढच्या नागपंचमीला तालमीने मला बोलावले. आखाडा पुजून सगळे पैलवान गाडी करून त्या खेड्यात गेले. आप्पा पुढे बसले होते. म्हातारीने फोटो पाटावर ठेवला आणि रीतीप्रमाणे मागे सरकली. कारभाऱ्यांनी कुंकवाचा करंडा उघडून तिच्यापुढे धरला.

"आक्का, पयलं तुमी लावा."

"मी? माझ्या हातानं कसं रं, बाबा?"

"त्यांची सही तुमच्या हातानं झाली," कारभारी म्हणाले. "कुक्कू बी तुमच्याच हातानं लागू दे. आमचं चुकलं, आक्का."

तिने करंड्यात बोट बुडवले. दुसऱ्या हाताने आधी सही चाचपली, तिथून वर सरकत कपाळ शोधले आणि सावकाश कुंकू लावले. मग एकेक पैलवान पुढे झाला. आम्ही निघालो तरी ती भिंतीला टेकून तशीच बसून होती. बोटाला उरलेले कुंकू तिने पुसले नव्हते.