काका आणि लाल टोपीवाला

मी आज बर्लिनमध्ये स्वतःच्या हाताने रांधून लोकांना वाढतोय ते काकांमुळे, एवढं आधी सांगून टाकतो, बाकीचं मागाहून. काका माझे सख्खे कुणी नाहीत. रेगेन्सबर्गला मी ज्या हॉटेलात स्वयंपाकी होतो, त्याच्या वरच्या मजल्यावर ते राहायचे. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, एकटेच. आख्ख्या जर्मनीत त्यांच्याइतका जर्मन माणूस मी पाहिला नाही, आणि ते मूळचे साताऱ्याचे.

काकांच्या घरात चहाच्या पिशवीलाही सुखाने मरण येत नसे. दोरा कचऱ्याच्या एका डब्यात, कागद दुसऱ्यात, चोथा तिसऱ्यात. आणि ती बारकी पिन चिमटीत धरून काका घरभर हिंडत, कारण तिचं गोत्र ठरत नसे. रविवारी इथे आवाज करायचा नाही, म्हणून चटणी वाटायची तर मिक्सरला गोधडी पांघरत. कुकर लावण्याआधी शेजारच्या म्हातारीकडे जाऊन तीन शिट्ट्या होतील म्हणून सांगून येत. एकदा चौथी झाली, तर आमटीची वाटी घेऊन माफी मागायला गेले. चारला बोलावलं की पावणेचारला येऊन दाराबाहेर उभे. आत या म्हटलं तर घड्याळ दाखवायचे.

पण खरी भक्ती सिग्नलवर. रस्ता रिकामा असो, बर्फ पडत असो, दिवा लाल म्हणजे काका थांबलेच. एकदा मी म्हटलं, काका, कुत्रंसुद्धा नाही, चला की. तर म्हणाले, "लहान मुलं बघतात अरे. मोठ्यांचं बघून शिकतात." मी चहूकडे पाहिलं. एक मूल दिसेना.

"कुठल्या तरी खिडकीतून बघत असेल," काका म्हणाले.

पुढे आमचं हॉटेल बंद व्हायची पाळी आली आणि माझी झोप उडाली. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला. मी नववीतून शाळा सोडलेली. इथलं सरकारी पाकीट आलं की मी ते न उघडताच वर काकांकडे नेई. बर्लिनच्या एका हॉटेलमालकाने प्रोबेआर्बाइटला बोलावलं, म्हणजे एक दिवस काम करून दाखवायचं. फोनवर म्हणाला होता, दोनला ये, उशीर झाला तर येऊच नको. मी वर जाऊन काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आल्झो, तर मग मी येतो. मलाही राजधानी बघायचीय."

हेही खरंच होतं. उभा जन्म जर्मनीत काढला, पण बर्लिन पाहिलं नव्हतं. तिथल्या संसदेवर काचेचा घुमट आहे, त्यात चढून शहर बघायचं ही त्यांची जुनी हौस. त्याच दुपारची वेळ त्यांनी नाव नोंदवून घेतली.

आमचे पास साध्या गाड्यांचेच, त्यामुळे पहाटे निघून, गाड्या बदलत, दशम्या खात दुपारी बर्लिनला उतरलो. जिथे पूर्वी शहराचे पूर्व-पश्चिम दोन भाग करणारी भिंत होती तिथे आता रस्त्यात दगडांची ओळ बसवलीय. काका ती ओळ उंबरठ्यासारखी उजवा पाय आधी टाकून ओलांडत. माझा डावा पडला, तर मला परत पश्चिमेत धाडलं. बर्लिनच्या त्या प्रसिद्ध जुन्या वेशीपुढे त्यांनी माझा फोटो काढला, त्यात वेस कुठे दिसतच नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "वेस पुस्तकात आहे रे. आईला पाठवशील ना? मग तू दिसायला नको?"

हॉटेलसमोर पोचलो तेव्हा दोनला थोडा वेळ होता. मध्ये फक्त एक रुंद रस्ता. बर्लिनच्या सिग्नलच्या दिव्यात जो माणूस काढलेला असतो, तो टोपी घालतो. लाल टोपीवाला हात पसरून उभा होता, तो हलेचना. काकांनी बटण दाबलं, परत दाबलं. यंत्रच बिघडलं असावं. गाड्याही थांबून थांबून येत होत्या, मध्ये रस्ता मोकळा पडे. मला तर वाटत होतं, लाल दिव्यात पोलिसाने धरलं की व्हिसा गेला. आणि काकांची अवस्था त्याहून वाईट. वेळ चुकवणं पाप, लाल ओलांडणं पाप. त्यांचे दोन्ही देव एकाच चौकात भांडायला उभे. ते एकदा घड्याळाकडे बघत, एकदा टोपीवाल्याकडे. कडाक्याच्या थंडीत कपाळावर घाम.

मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि उजवा पाय आधी टाकून रस्त्यात उतरले.

मागून कुत्रा घेऊन उभी असलेली एक म्हातारी जर्मनमध्ये खेकसली, मुलांचा तरी विचार करा. जर्मनांना कायम शुद्ध जर्मनमध्ये उत्तर देणारे काका रस्त्याच्या मधोमध मागे वळले आणि चक्क मराठीत म्हणाले, "अहो बाई, पोरासाठीच चाललोय."

दोनच्या ठोक्याला आत होतो. कांदा चिरताना मागच्या दाराच्या काचेतून काकांची माकडटोपी दिसत होती. घुमटाची वेळ आली आणि गेली, टोपी तिथेच. मधे दिसेनाशी झाली तेव्हा दचकलो. वाकून पाहिलं, तर काका हॉटेलचे कचऱ्याचे डबे निवडून नीट लावत होते. मालक अजून म्हणतो, नोकरी तुझ्या मटणामुळे दिली की त्या डब्यांमुळे, सांगता येत नाही.

परतीच्या गाडीत मी आनंदाने बडबडत होतो. मध्येच काका हळूच म्हणाले, "कुठल्या पोरानं पाहिलं नसेल ना रे?"

आता मी इथे, ते तिथे. त्यांचे गुडघे दुखतात, फोनवर मात्र 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'बरोबर, बरोबर' करत माझ्या कचऱ्याची चौकशी करतात. एक दिवस मी त्यांना घेऊन येईन, हाताला धरून त्या घुमटात चढवीन आणि सगळं बर्लिन दाखवीन. आणि वाटेत जितके लाल टोपीवाले लागतील, तितक्यांपुढे, रस्ता कितीही रिकामा असो, त्यांच्या शेजारी थांबेन.